झोआ मिटलेल्या, देठाला कुरडईसारखं पांढरं काहीतरी. हे कोणाचं काम?

सिडको_सेकंडशिफ्ट · ११ जानेवारी, रात्री १:१०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचतोय, आज लिहायची पाळी आली.

टाकी तीन बाय दीड बाय दीड फूट, पाणी साधारण १९० लिटर, खाली सम्प (गाळणीची टाकी). चालू होऊन सव्वा वर्ष झालं. क्षारता ३५, तापमान २५.५. हीटर दिवसरात्र चालू आहे, कारण नाशिकची थंडी सध्या अशी आहे की टाकीसमोर मी स्वेटर घालून बसतो आणि मासे मजेत. आत दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर श्रिंप, सफाईच्या गोगलगायी आणि सगळे सॉफ्ट, म्हणजे मऊ प्रवाळ: लेदर, मश्रूम आणि झोआ (देठावर फुलासारख्या उघडणाऱ्या). त्यातही झोआ म्हणजे माझा जीव की प्राण. चार रंगांच्या प्लगवर, म्हणजे चिकटवायच्या छोट्या बैठकींवर, आहेत आणि एक जात नारळाएवढ्या दगडावर पसरली आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिरव्या झोआंचा प्लग मिटला तो उघडेना. आधी पाण्यावर संशय. नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०५, अल्क ८.५, म्हणजे रोजचंच. तरी पाणी बदललं. मग श्रिंपवर संशय घेतला, तो त्यांच्या अंगावरून फिरतो म्हणून. मग दिवा चार इंच वर घेतला. काही फरक नाही. मी अंबडला कंपनीत क्वालिटीत आहे, मोजायची खोड आहे: प्लग आणला तेव्हा २८ तोंडं (पॉलिप) होती, आज १७. मेलेली कुठे दिसत नाहीत. नुसती कमी होतात.

आज सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला पावणेबारा झाले. जेवण गरम होईपर्यंत टाकीसमोर बसलो. दिवे बंद होते, मोबाइलचा टॉर्च मारला तर काचेवर बोटाच्या पेराएवढा तपकिरी, चपटा, मऊ जीव. पाठीवर नखाएवढं कवच असल्यासारखं काहीतरी. गोगलगाय म्हणावं तर एवढी पळते का? चिमट्यात धरला, तर पालीसारखी शेपूट तोडून निसटायला लागला! तुटका तुकडा चिमट्यात वळवळतोय. मी घाबरून दोन्ही तुकडे बेसिनमध्ये टाकले.

मग प्लग बाहेर काढून उलटा केला. एका पॉलिपच्या देठाला मसूर डाळीएवढं पांढरं वेटोळं. कुरडईचा एक फेर घालून कोणी सोडून दिल्यासारखं.

प्रश्न असे. तो तपकिरी प्राणीच चोर का? वेटोळं म्हणजे अंडी का? आणि आई म्हणते दगड उकळून काढ, सगळं मरेल. उद्या रविवार, सुट्टी आहे. उकळू का?

---

धुळ्याचा_रीफर · ११ जानेवारी, सकाळी ७:२५

चपटे किडे आहेत. लेव्हॅमिसोल आणा, शेळ्यांच्या जंताचं औषध, जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळतं. टाकीत टाका. माझ्याकडे एका डोसात साफ झाले होते.

---

ओहोटीवाली · ११ जानेवारी, सकाळी ८:०२

दगड उकळू नका. बाकी सगळं नंतर, हे आधी वाचा. झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, काही जातींत फार, काहींत नाममात्र, आणि नुसतं बघून कोणती किती ते सांगता येत नाही. झोआ लागलेला दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं. असं करून अख्खं घर दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. आईंना सांगा, त्यांचा हेतू चांगला आहे पण पातेलं खाली ठेवा. कोरडा दगड घासायचाही नाही. घासायचं ते पाण्याखाली, हातमोजे आणि चष्मा घालून. हाताला चीर असेल तर त्या दिवशी नाहीच.

झालं तुमचं पातेलं खाली ठेवून? आता प्राण्याकडे येऊ.

बेसिनमध्ये गेला तो बिचारा स्टोमॅटेला. गोगलगायच आहे, कवच इवलंसं आणि अंग त्याच्याबाहेर. शैवाल खातो, झोआंकडे ढुंकून बघत नाही. संकट आलं की पायाचा मागचा तुकडा सोडून पळतो, ती त्याची सवय. निरपराध होता.

वेटोळ्यावरून मात्र मला न्यूडिब्रँकचा संशय आहे. शब्द लॅटिन आणि ग्रीक मिळून झालाय, अर्थ ‘उघड्या कल्ल्यांची’. कवच नसलेली समुद्री गोगलगाय. तुमच्या टाकीत असेल ती एऑलिड गटातली: डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या आणि पाठभर बोटांसारखी झालर. झोआ खाणाऱ्यांची ती झालर हुबेहूब झोआच्या पाकळ्यांसारखी दिसते. ज्या रंगाच्या झोआ खातील तो रंग अंगात उतरतो, कारण झोआंच्या पेशींतलं सूक्ष्म शैवाल ती पचवून टाकत नाही, स्वतःच्या अंगात ठेवते. निळ्या दिव्याखाली झोआ चमकतात तशी तीही चमकते. म्हणून तुम्हाला अंडी दिसली आणि अंडी घालणारी दिसली नाही.

धुळेकर, राग मानू नका, पण लेव्हॅमिसोल चपट्या कृमींसाठी ठीक. चपट्या कृमीच्या पाठीवर झालर नसते, पानासारखी सपाट असते ती. न्यूडिब्रँकवर त्याचा भरवसा नाही, आणि १९० लिटरच्या सगळ्या टाकीत औषध ओतून आतली किड्यांची, अळ्यांची, बारीक शंखांची वस्ती कशाला मारायची?

मी मुंबईची. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांब जाते तेव्हा हाजीअलीजवळच्या खडकांवर झोआंचे गालिचे उघडे पडतात, पाय कुठे ठेवावा कळत नाही. तिथे न्यूडिब्रँक शोधायची माझी युक्ती एकच: आधी तिचं अन्न शोधायचं. या बायका खाण्याच्या बाबतीत कमालीच्या हट्टी. एकीला एकाच प्रकारचा स्पंज लागतो, दुसरीला हायड्रॉइड. दुकानात कधी कधी रंगीबेरंगी डोरिड गटातली न्यूडिब्रँक ‘शोभेची’ म्हणून विकतात. तिचा स्पंज टाकीत नसतो आणि ती उपाशी मरते. बर्गिया नावाची न्यूडिब्रँक फक्त एप्टेशिया, म्हणजे टाकीत तणासारखं माजणारं समुद्रफूल, खाते, म्हणून ती लोक पैसे देऊन आणतात. तुमच्याकडची झोआंशिवाय दुसरं काही खाणार नाही. हीच तिची दुखरी नस.

आज रात्री दिवे गेल्यावर तासाभराने बघा. पांढरा टॉर्च नको, लाल उजेड हवा. देठांच्या बुडाशी शंखही तपासा. चौकटी-चौकटींचं, चपटं, गोल जिन्यासारखं कवच दिसलं तर तो सनडायल, तोही झोआ खातो. प्रत्येक पांढरी गोष्ट न्यूडिब्रँकची नसते. नेराइट गोगलगाय काचेवर तिळाएवढे पांढरे ठिपके घालते, ते पाहून लोक उगाच रडतात.

आणि झोआ कुठून आणल्या होत्या? टाकीत सोडण्याआधी औषधाच्या पाण्यात बुडवून घेतल्या होत्या का?

---

सिडको_सेकंडशिफ्ट · १२ जानेवारी, रात्री १२:५५

पातेलं खाली ठेवलं. आईने वाचून घेतलं आणि म्हणाली, असलं घरात ठेवतोस कशाला. याला उत्तर नाही.

दिवाळीच्या मिठाईच्या डब्यावरचा लाल जिलेटिन कागद मुलीने जपून ठेवला होता. तो दुहेरी करून टॉर्चला रबरबँडने लावला. साडेअकरापासून बसलो. पाऊण तास काही नाही. सव्वाबाराला प्लगवरचा एक पॉलिप चालायला लागला.

खरंच सांगतो, तसंच दिसलं. मिटलेल्यांच्या मधला एक उघडा पॉलिप हळूच सरकला, शेजारच्याच्या देठावर वाकला आणि तिथेच थांबला. मी श्वास रोखून. मग त्याने दोन शिंगं पुढे काढली. लांबी फार तर आठ मिलिमीटर. पाठीवरची बोटं हिरवी, टोकं फिकट, बरोबर माझ्या झोआंसारखी. दिवसा या प्लगकडे मी किती वेळा नाक लावून बघितलं होतं, तेव्हा ही समोरच असणार.

मुलीला उठवलं नाही. उद्या शाळा, आणि ती लगेच नाव ठेवेल आणि मग मला मारता येणार नाही.

बुडवून घेतल्या नव्हत्या. नोव्हेंबरात मुंबईहून प्लग आणला, पिशवी तरंगवली, टाकला. दुकानाचं नाव लिहीत नाही, चूक माझी. कंपनीत बाहेरून आलेला माल तपासल्याशिवाय आत घेत नाही आम्ही, लाल टॅग लावून बाजूला ठेवतो. घरी मात्र सरळ आत.

स्टोमॅटेलाबद्दल खरंच वाईट वाटलं. आज काचेवर आणखी दोन दिसले, हात लावला नाही.

आता पुढे काय करू, क्रमाने सांगा. दगडाचं काय? आणि एखादा रास मासा आणला तर तो खाईल का?

---

निफाडचा_नॅनो · १२ जानेवारी, सकाळी ६:१०

दादा, मी द्राक्षवाला. टाकी छोटीशीच आहे माझी, ४० लिटर, पण तुमचा प्रश्न वाचून मला आमचा मिलीबगच आठवला. पिठ्या ढेकूण हो.

आमच्याकडे होतं काय, पिठ्या वेलीच्या सुट्या सालीखाली बसतो, अंडी कापसासारख्या पुंजक्यात. वरून कितीही भारी फवारा, औषध अंड्यापर्यंत जातच नाही. नवीन माणूस एक फवारणी करतो, चार मेलेले बघतो, खूश होतो. पंधरा दिवसांत परत तेच, आणि घडात गेला की माल गेला. जुना माणूस आधी साल काढतो, मग फवारतो, मग अंड्यातून निघाले की परत. तुमच्याकडेही तसंच धरा. औषधाने गोगलगाय मरेल, वेटोळं मरणार नाही. वेटोळं हातानेच काढायचं.

दुसरं, थ्रिप्स मोजायला आम्ही शेंडा पांढऱ्या कागदावर झटकतो. हिरव्यावर काही दिसत नाही, पांढऱ्यावर लगेच दिसतं. म्हणून बुडवायला पांढरा डबा घ्या. श्रीखंडाचा चालतो. आणि दहापट मोठं दाखवणारं हातभिंग घ्या, कृषी सेवा केंद्रात मिळतं. वेटोळ्यातला एकेक दाणा वेगळा दिसेल.

कोणी तुम्हाला इमिडाक्लोप्रिडमध्ये बुडवा म्हणेल. बाहेर देशी कोरलवाले वापरतात हे मीही वाचलंय. माझ्या शेडमध्ये बाटली पडलेली आहे आणि तरी मी टाकीजवळ नेत नाही. ते कीटकांसाठी बनवलेलं, झिंगा-खेकडा त्यांचेच चुलत भाऊ. तुमचा श्रिंप थेंबाच्या अंशाने जाईल. आयोडीनच्या पाण्यात बुडवून भागतंय तोवर भागवा.

बागेत आता मण्यात पाणी उतरतंय, पहाटे उठून बघावं लागतं म्हणून एवढ्या सकाळी लिहितोय.

---

ओहोटीवाली · १२ जानेवारी, सकाळी ९:४०

निफाडकरांनी माझं अर्धं काम केलं. पिठ्या ढेकूण मी आजपासून उदाहरणात वापरणार.

उरलेलं असं. सगळ्या झोआ बाहेर, दगडासकट. एकही मागे ठेवली तर तिथे तिचं जेवण चालू राहील. वेगळा टब, टाकीचंच पाणी, छोटा हीटर, पाणी हलतं राहील असा छोटा पंप, साधा दिवा. मुख्य टाकीत झोआ नसल्या की तिथे राहिलेल्या उपाशी मरतील. माशांना त्याने काही होत नाही.

बुडवायला मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीनचं सोल्यूशन. ‘स्क्रब’ लिहिलेली बाटली नको, त्यात साबण असतो. टाकीच्या पाण्यात फिक्या चहाचा रंग येईल इतपतच. आधी सर्वांत स्वस्त प्लगवर करून बघा, रात्रभर थांबा, मग बाकीच्या. दहा मिनिटं, आणि त्या वेळात २० मिलीच्या सिरिंजने देठांमधून पाण्याचे झोत मारत राहायचे. खाली पडतील. मग टाकीच्या स्वच्छ पाण्यात दोनदा विसळून टबात. डब्यातलं पाणी परत टाकीत नाही, सम्पमध्ये नाही, आणि कृपा करून गोदावरीतही नाही.

अंडी पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने. जिथे ब्रश जात नाही तिथे प्लगच बदला.

पाच दिवसांनी परत. पुन्हा पाच दिवसांनी. अंडी कधी फुटतील ते पाण्याच्या तापमानावर, पण या चालीने पिल्लं अंडी घालण्याइतकी मोठी व्हायच्या आत सापडतात. दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालतात, नर-मादी एकाच अंगात असतं त्यांच्या. म्हणजे हिशेब कसा वाढतो ते कळलं असेल.

रासचं. त्यातला येलो कोरिस बारीक न्यूडिब्रँक टिपतो, सिक्सलाइनही टिपतो. पण कोरिस संध्याकाळी वाळूत शिरून झोपतो, सिक्सलाइन दगडाच्या फटीत. चोर बाहेर पडतो रात्री, राखणदार तेव्हा घोरत असतो. शिवाय कोरिस उडी मारतो, झाकण लागेल. सिक्सलाइन नंतर नवीन माशांना छळतो. आणायचा तर मासा म्हणून आवडला तर आणा, औषध म्हणून नको.

अजून एक, न विचारता: उद्या कोणी याच धाग्यावर ‘माझ्या मोंटिपोरावर पांढरी दिसते’ म्हणून येईल. मोंटिपोरा कठीण सांगाड्याचा प्रवाळ, त्यावरची ती निराळी जात, फेस्टिला सबओडिओसा. शास्त्रीय नाव मिळालं ते २०२० मध्ये, आणि तेही टाक्यांमधल्या उपद्रवामुळे. पण आपल्याकडे कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कागदपत्रांशिवाय ते घेऊ नका आणि किनाऱ्यावरून काहीच उचलून आणू नका, झोआसुद्धा.

---

धुळ्याचा_रीफर · १२ जानेवारी, दुपारी १:३०

राग नाही मॅडम. माझे चपटे होते हे खरं, झालर-बिलर नव्हती. शिकलो.

---

सिडको_सेकंडशिफ्ट · ८ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

उशीर झाला, मधे शिफ्ट बदलली. वहीत लिहिलंय ते तसंच देतो.

१३ जानेवारी. गच्चीत केलं, आईच्या नजरेआड. हातमोजे, ग्राइंडिंगला वापरतो तो चष्मा, श्रीखंडाचा एक किलोचा डबा. चार प्लग आणि दगड मिळून २३ पडल्या. हिरव्या प्लगमधून १४. दगडावर एकही दिसत नव्हती आणि तिथून सहा निघाल्या, रंगाने तपकिरी-केशरी, दगडावरच्या झोआंसारख्या. पांढऱ्या तळावर पडल्या की मात्र लगेच ओळखू येतात, शेवयांचे तुकडे वळवळल्यासारख्या. वेटोळी नऊ. भिंगातून बघितलं, निफाडकर म्हणाले तसंच: साबुदाण्याची माळ, पण साबुदाणा सुईच्या टोकाएवढा. मुलीला एक वेटोळं दाखवलं. तिने नाव ठेवायच्या आत घासून टाकलं.

१८ जानेवारी. सहा पडल्या, सगळ्या दोन-तीन मिलिमीटरच्या. अंडी दोन, दोन्ही हिरव्या प्लगच्या खालच्या खाचेत, जिथे ब्रश गेला नव्हता. प्लग बदलला. झोआंची चकती पाण्याखाली पात्याने सोडवताना हात थरथरत होता, चष्मा होता म्हणून बरं, एक पिचकारी उडालीच.

२३ जानेवारी. चार, केसाएवढ्या. भिंग नसतं तर शून्य लिहिलं असतं.

२८ जानेवारी. शून्य. मी खूश. आईला पेढा दिला.

२ फेब्रुवारी. एक.

त्या एकीवर मी किती चिडलो ते लिहिण्यासारखं नाही. दगडाच्या मागच्या भोकातून निघाली. तिथे सिरिंजचा झोत पोचत नव्हता, कारण मी दगड कायम एकाच बाजूने धरत होतो. चार वेळा. मशीनवर ऑपरेटरने असं केलं असतं तर मी त्याला रिपोर्टमध्ये घेतलं असतं.

७ फेब्रुवारी, म्हणजे काल. दगड चारही बाजूंनी फिरवून, भोकात वेगळे झोत. शून्य.

नुकसान: हिरव्या प्लगवर ११ तोंडं राहिली. आयोडीनने एकही गेली नाही, मात्र दोन दिवस रुसून मिटून बसतात. टबातले दोन हीटर एकदम बंद पडले नाहीत, ही त्या थंडीतली कृपा. श्रिंप धडधाकट. मुख्य टाकीत रोज रात्री लाल कागद लावून बघतो, स्टोमॅटेला सोडून कोणी फिरत नाही. त्यांची संख्या आता पाच.

---

निफाडचा_नॅनो · ८ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

दादा, शून्यावर पेढे वाटायचे नसतात, आमच्याकडे घड पेटीत जाईपर्यंत कोणी बोलतसुद्धा नाही. अजून दोन शून्य येऊ द्या.

आणि झोआ वाढल्या की एक तुकडा मला. माझ्याकडे अजून एकही रंग नाही. येताना बागेतून पेटी घेऊन येतो.

---

सिडको_सेकंडशिफ्ट · ८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

दोन शून्य आल्यावर नक्की. पण मी देताना बुडवून देणार, आणि तुम्ही घरी नेल्यावर परत बुडवायच्या. भिंग तुमच्याकडे आहेच. पेटी आईच्या नावाने आणा, तिला त्या डब्यातल्या श्रीखंडाचा हिशेब अजून लागलेला नाही.